दहा जुलैची आठवण

मागे एका पंधरा ऑगस्टला पुसदकडच्या एका लहान गावी शाळेने मला दोन शब्द बोलायला बोलावले होते. इतिहासाचा मास्तर म्हटला की वर्षातून दोन-तीनदा त्याच्यावर ही पाळी येतेच. झेंडावंदन झाले, मुलांची गाणी झाली आणि मी लोकनायक बापूजी अणे यांची गोष्ट सांगितली. १९३० साली पुसदच्या रानात त्यांनी मूठभर गवत कापले, सरकारने त्यांना सहा महिने तुरुंगात ठेवले आणि साऱ्या वऱ्हाडात जंगल सत्याग्रह पसरला, असे मी बोललो. ‘थोर’, ‘महान’, ‘तेजस्वी’ हे नेहमीचे शब्दही वापरले. टाळ्या पडल्या.

टाळ्या थांबल्यावर मागे भिंतीला टेकून बसलेले एक आजोबा उठले. अंगात मळखाऊ बंडी, खांद्यावर दुपट्टा. म्हणाले, “सर, तुम्ही सांगतलं ते ठीक हाये. पन गवत त आम्ही रोजच कापतो जी. त्यात एवढं मोठं काय हाये?”

मंडळी हसली. हेडमास्तर जरा अवघडले. मी काहीतरी उत्तर दिले. तो काळ वेगळा होता, राज्य इंग्रजांचे होते, वगैरे. पण एस.टी.त बसून यवतमाळला परत येताना मला ते उत्तर पुरेना. आजोबांचा प्रश्न सरळ होता. आपण शूरांच्या नावाने जयजयकार करतो, चौकाला नाव देतो, फोटोला हार घालतो. पण त्या माणसाने नेमके काय केले आणि ते करायला छाती का लागत होती, हे किती जणांना सांगता येईल? ते सांगता येत नसेल तर आपण नाव लक्षात ठेवतो, शौर्य मात्र विसरतो. आजचे हे चार शब्द त्या आजोबांच्या प्रश्नाला दिलेले उशिराचे उत्तर आहे असे समजा.

आधी ते गवतच पाहू.

आपला जिल्हा पूर्वी वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई. १९०५ साली त्याचे नाव यवतमाळ जिल्हा झाले. वऱ्हाडचा कारभार १८५३ पासून इंग्रजांकडे होता. कागदावर मालकी निजामाची, हुकूम मात्र इंग्रजांचा, अशी ही अवस्था होती. रानाच्या बाबतीत तर हा हुकूम घरातल्या चुलीपर्यंत येऊन पोहोचला. जे रान आजोबा-पणजोबांपासून गावाचे म्हणून वापरात होते, त्याच्या कडेला सरकारी खुणा लागल्या आणि ते ‘राखीव’ झाले. ढोरे चारायची तर चराईची फी, गवताचा भारा आणायचा तर परवाना, सरपण आणायचे तर पुन्हा परवाना. बैल चुकून हद्दीत गेला तर कोंडवाडा. गोंड, कोलाम, बंजारा आणि कुणबी या सर्वांना तो रोजचाच जाच होता.

१९३० च्या मार्चमध्ये महात्मा गांधी दांडीला निघाले आणि ६ एप्रिलला त्यांनी मीठ उचलले. देशभर मिठाचा कायदा मोडण्याची लाट आली. पण वऱ्हाडात समुद्र कुठला? अकोला जिल्ह्यात दहीहांड्याला खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ करून लोकांनी कायदा मोडला. पुढे पावसाळा आला आणि मिठाचे काम आपोआप बंद पडले. मग वऱ्हाडातल्या पुढाऱ्यांनी विचार केला, की आपल्या शेतकऱ्याला रोज टोचणारा कायदा कोणता? उत्तर समोरच होते : रान.

१० जुलै १९३० या दिवशी माधव श्रीहरी अणे, म्हणजे आपले बापूजी, पुसदच्या राखीव जंगलात सत्याग्रहींसह गेले आणि त्यांनी विनापरवाना गवत कापले.

आता विचार करा. तुम्ही शेतकरी आहात. जुलैच्या दहाव्या दिवशी गवत केवढे असते ते तुम्हाला माझ्याहून चांगले ठाऊक. पाऊस नुकता लागलेला. त्या गवताने एका गाईचेही पोट भरले नसते. मग धैर्य कशात होते?

बापूजींचा जन्म वणीचा, २९ ऑगस्ट १८८० चा. म्हणजे त्या दिवशी ते पन्नाशीला टेकलेले. यवतमाळात वकिली करणारे, संस्कृतचे पंडित, लोकमान्य टिळकांच्या तालमीतले. गांधीजींचे सगळेच मार्ग त्यांना पटत असे नव्हते. असहकारापेक्षा कायदेमंडळात शिरून लढावे, या मताच्या प्रतियोगी सहकारितावादी पक्षात ते होते. तेव्हा हातात विळा घेण्याआधी त्यांना स्वतःच्या मताशीच झगडावे लागले असेल. शिवाय ते वकील. कायदा मोडला तर काय होते हे त्यांना बारकाव्यानिशी ठाऊक. सरकारने त्यांच्यावर कलम लावले ते राजद्रोहाचे नव्हते. लावले चोरीचे! राजद्रोहाच्या खटल्यात निदान मान असतो. टिळकांना ती शिक्षा झाली तेव्हा लोकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पण चोरी? आपल्या गावात ‘चोर’ हा शब्द किती खोल लागतो ते मी सांगायला नको. ज्या माणसाने जन्मभर न्यायालयात दुसऱ्यांची अब्रू राखली, त्याने आपल्या नावापुढे तो शब्द आपण होऊन लावून घेतला. सहा महिन्यांची शिक्षा झाली, ती त्यांनी भोगली.

आणि त्या शब्दाची भीती एकदा मोडली, तशी ती सगळ्यांचीच मोडली. बापूजी चोर असतील तर आम्हीही चोर, असे म्हणत त्या पावसाळ्यात वऱ्हाडात आणि मध्यप्रांतात लोक विळे घेऊन निघाले. तिकडे कोकणात उरणजवळच्या चिरनेरला २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहींवर गोळीबार झाला आणि आठ जणांनी प्राण दिले. गवताच्या काडीवरून माणसे मेली, असे कोणी म्हणेल. मी म्हणेन, त्यांना राज्य कोणाचे हा प्रश्न विचारायचा होता, आणि तो त्यांनी आपल्या रोजच्या हत्याराने विचारला.

येथवर ऐकून एखादा गुरुजी म्हणेल, ठीक, हे सत्याग्रही झाले. पण शूर म्हटला की आमच्या पोरांच्या डोळ्यांपुढे सैनिक उभा राहतो, त्याचे काय? बरोबर आहे. तेव्हा आता हीच तारीख धरून पुढे जाऊ. तारखांचा हा योगायोगच. त्यात दैवी संकेत वगैरे काही नाही. पण मुलांच्या लक्षात राहायला तो सोयीचा आहे, म्हणून सांगतो.

बापूजींच्या सत्याग्रहानंतर बरोबर दहा वर्षांनी, १० जुलै १९४० रोजी, कारवारजवळच्या चेंडिया गावचा बावीस वर्षांचा एक तरुण इंग्रजांच्या हिंदी फौजेत भरती झाला. त्याचे नाव रामा राघोबा राणे. त्याला ‘बॉम्बे सॅपर्स’ या पलटणीत घेतले. सॅपर म्हणजे रस्ते करणारा, पूल बांधणारा, सुरुंग काढणारा शिपाई. महायुद्धात तो ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढला. त्याला आपण घटकाभर तिथेच सोडू.

त्यानंतर चार वर्षांनी, १० जुलै १९४४. ठिकाण इटली देश, टायबर नदीच्या वरच्या अंगाचे डोंगराळ खोरे. मराठा पलटणीची एक तुकडी जर्मनांच्या ठाण्यावर चाल करून जात होती. तिच्यातल्या एका लहान गटाचा नाईक होता यशवंत घाडगे. कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या, माणगाव तालुक्याचा, बावीस वर्षांचा शेतकऱ्याचा पोरगा. अगदी जवळून शत्रूची मशीनगन सुरू झाली आणि घाडग्यांच्या गटातला प्रत्येक शिपाई मेला किंवा जखमी होऊन पडला. उभे राहिले ते एकटे घाडगे. मागे कोणी येणार नाही हे त्यांना पक्के माहीत होते. तरी ते धावत पुढे गेले. आधी हातबाँब टाकून मशीनगन आणि ती चालवणारा शिपाई निकामी केला. मग हातातल्या टॉमीगनने आणखी एकाला टिपले. गोळ्या संपल्या, नव्या भरायला वेळ नव्हता. तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने लोळवले. ठाणे हाती आले. इतक्यात दुसरीकडून नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्या जागीच त्यांचा प्राण गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे इंग्रज राज्याचे सर्वोच्च शौर्यपदक त्यांना मिळाले. माणगावला त्यांचा पुतळा आहे. इटलीतल्या माँतोने या गावाने २०२३ साली त्यांच्या नावाने स्मारक उभारले. त्यात एक सूर्यघटिका आहे.

आता एक अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही. शाळेतला एखादा हुशार मुलगा हा प्रश्न विचारणारच, की गुरुजी, एकीकडे बापूजी इंग्रजांचा कायदा मोडून तुरुंगात गेले, आणि दुसरीकडे घाडगे त्याच इंग्रजांच्या झेंड्याखाली लढले. मग खरा देशभक्त कोण?

या प्रश्नाला मी पूर्वी वर्गात झटपट उत्तर देत असे. आता देत नाही. कारण माणसांची आयुष्ये अशा दोन खणांत बसत नाहीत. बापूजींचेच पाहा. १९३० साली चोर ठरलेले हे गृहस्थ १९४१ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सभासद झाले. आणि १९४३ च्या फेब्रुवारीत गांधीजींनी तुरुंगात एकवीस दिवसांचे उपोषण मांडले, सरकार त्यांना सोडीना, तेव्हा त्याच बापूजींनी ती खुर्ची सोडून दिली. एकाच माणसाने विळाही उचलला, खुर्चीही घेतली आणि ती लाथाडलीही. यातल्या कोणत्या बापूजींना आपण लक्षात ठेवणार? मला वाटते, सगळ्यांना.

आणि शिपायांचे पाहायचे तर ब्रह्मदेशात सोडलेल्या रामा राणे यांच्याकडे परत या.

१९४७ साली देश स्वतंत्र झाला. महायुद्धात शिपाई म्हणून लढलेले राणे त्याच वर्षीच्या डिसेंबरात सेकंड लेफ्टनंट झाले. तोवर काश्मीरची लढाई पेटली होती. १९४८ च्या एप्रिलमध्ये आपल्या फौजेला नौशेराहून राजौरीला पोहोचायचे होते. रस्ता डोंगरांतून नागमोडी जाणारा. शत्रूने तो सुरुंगांनी पेरून ठेवला होता, पूल उडवले होते, जागोजागी झाडे आडवी पाडली होती. रणगाडे पुढे गेल्याशिवाय पायदळाला वाट नाही, आणि वाट साफ झाल्याशिवाय रणगाडे पुढे जात नाहीत. ती वाट साफ करण्याचे काम राण्यांच्या तुकडीकडे होते.

८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास काम सुरू करायच्या बेतात असतानाच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा झाला. तुकडीतले दोघे ठार, पाच जखमी. जखमींत खुद्द राणे. त्यांनी तुकडी पुन्हा जुळवली आणि काम सुरू केले. त्या रात्री दहापर्यंत ते शत्रूच्या नजरेसमोर, मशीनगनच्या माऱ्यात, रणगाड्यांसाठी वळणवाट तयार करीत होते. ९ तारखेला सकाळी सहाला पुन्हा हजर. दुपारी तीनला ती वाट पुरी झाली. पुढे अर्ध्या मैलावर देवदारांसारख्या चीड वृक्षांचा अडथळा; तो सुरुंग लावून उडवला. आणखी तीनशे वारांवर दुसरा. पुढे उडवलेली मोरी. संध्याकाळ पडत आली तेव्हा पाच मोठ्या झाडांचा बांध, भोवती सुरुंग पेरलेले आणि वरून मशीनगन. १० तारखेला पहाटे पावणेपाचला राण्यांनी त्या बांधाला हात घातला आणि साडेसहाला तो मोकळा केला. दुपारी दोनला रणगाडे चिंगस या ठिकाणी पोहोचले. राणे मात्र मागून येणाऱ्या गाड्यांसाठी रात्री नऊपर्यंत, अन्न आणि विश्रांतीशिवाय, रस्ता साफ करीत राहिले. ११ तारखेला पुन्हा सकाळी सहा ते रात्री दहा. १२ एप्रिलला राजौरी आपल्या सैन्याच्या हाती आली.

ध्यानात घ्या, या चार दिवसांच्या हकिगतीत राणे यांनी किती शत्रू मारले याचा हिशेब कुठेच नाही. हिशेब आहे तो किती वाट मोकळी केली याचा. शौर्य म्हटले की आपल्याला तलवार आठवते. या माणसाच्या अंगावर जखम होती आणि हातात काम होते. सुरुंग काढताना हात थरथरला की संपले! तरी तो हात चार दिवस स्थिर राहिला. १९५० साली त्यांना परमवीरचक्र जाहीर झाले. हे चक्र आजवर २१ जणांना मिळाले आहे. त्यांतल्या १४ जणांना ते मरणानंतर दिले गेले. जे थोडे जिवंतपणी घेऊ शकले त्यांत राणे होते. पुढे मेजर होऊन ते निवृत्त झाले आणि १९९४ साली वारले. आणि ज्या चक्राने त्यांचा सन्मान झाला, त्याची आकृती काढली होती सावित्रीबाई खानोलकर यांनी. त्या मूळच्या युरोपातल्या. एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून या मातीच्या झाल्या. परमवीरचक्रावर त्यांनी इंद्राचे वज्र घेतले.

आता मघाचा प्रश्न. ब्रह्मदेशातला राणे आणि राजौरीच्या वाटेवरचा राणे यांत झेंडा बदलला, माणूस तोच होता. हातांचे कसब तेच आणि बरोबरच्यांना टाकून न जाण्याची वृत्तीही तीच. म्हणून मी म्हणतो, राज्य कोणाचे होते आणि ते न्यायाचे होते की अन्यायाचे, याचा निवाडा इतिहासाने जरूर करावा. त्यात भीडभाड नको. पण तो निवाडा राज्याचा. पोटासाठी किंवा घराण्याच्या परंपरेने फौजेत गेलेल्या पोराने संकटात काय केले, हे वेगळे तोलावे लागते. घाडग्यांना माणगावने विसरावे असे कोणी म्हणेल तर मला ते पटणार नाही.

असाच पेच दूरच्या अमेरिकेतही पडला होता. तिथे १८६१ ते १८६५ या काळात उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध झाले. मुळाशी गुलामगिरीचा प्रश्न होता. युद्धानंतर १८६६ च्या वसंतात मिसिसिपी राज्यातल्या कोलंबस गावच्या बायका आपल्या माणसांच्या थडग्यांवर फुले वाहायला गेल्या. त्याच स्मशानात विरुद्ध बाजूच्या शिपायांनाही पुरले होते, आणि त्यांची माणसे शेकडो कोस दूर. त्या बायकांनी त्या थडग्यांवरही फुले ठेवली. म्हणून गुलामगिरी न्याय्य ठरली असे नाही. ती अन्यायच होती आणि ती गेली हेच बरे झाले. पण मेलेल्या पोराला आई असते, एवढे त्या बायकांनी जाणले. १८६८ सालापासून ३० मे हा दिवस तिकडे युद्धात पडलेल्यांच्या थडग्यांवर फुले वाहण्याचा ठरला. १९७१ पासून तो मे महिन्याच्या शेवटच्या सोमवारी पाळतात.

आपल्याकडे ही रीत अमेरिकेहून कितीतरी जुनी आहे. महाराष्ट्रात ठिकठिकाणी गावकुसाबाहेर, देवळाच्या आवारात किंवा पारावर कोरीव दगड उभे दिसतात. त्यांना वीरगळ म्हणतात. खालच्या चौकटीत लढणारा वीर, पुष्कळदा गावची गुरे सोडवताना पडलेला. वर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्याच्यावर शिवलिंगाची पूजा. आणि अगदी माथ्याशी चंद्र आणि सूर्य. अर्थ असा, की चंद्रसूर्य आहेत तोवर या माणसाची आठवण राहो. केवढी मोठी इच्छा ही! पण बहुतेक वीरगळांवर नाव कोरलेले नाही. कोरणाऱ्याला वाटले असेल, नाव काय, सारे गाव जाणतेच आहे. चार पिढ्या गेल्या आणि जाणणारे संपले. दगड राहिला, त्याला शेंदूर लागला, आणि माणूस गेला. आज त्या वीराने कोणाची गुरे सोडवली हे सांगणारा कोणी नाही.

हेच आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा घडते आहे, आणि मला आज बोलायचे होते ते याविषयी.

त्या पंधरा ऑगस्टनंतर काही महिन्यांनी मी मुद्दाम त्या गावी परत गेलो. आजोबांना शोधून काढले. ते अंगणात दोरी वळत बसले होते. मी म्हटले, “आजोबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर घेऊन आलो.” त्यांनी बसायला पोते टाकले, चहा सांगितला, माझे सारे निमूट ऐकून घेतले. चोरीच्या कलमाची गोष्ट सांगितली तेव्हा त्यांनी मान हलवली. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, “सर, मले ठाऊक हाये. माह्या बापानंबी त्याच साली गवत कापलं होतं. जेलात नाही नेलं त्याले. पन बैलजोडी कोंडवाड्यात घातली. सोडवाले पैसा नव्हता. लिलावात गेली. मंग दोन साल दुसऱ्याच्या वावरात राबला. त्याचं नाव कोनी घेत नाही, म्हनून इचारलं होतं म्या.”

वाचकहो, मी गप्प झालो. त्यांचा प्रश्न अडाणीपणाचा आहे असे मला त्या दिवशी वाटले होते. तो दुःखाचा होता.

देशाच्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षे झाली तेव्हा, १९७२-७३ च्या सुमारास, तालुक्या-तालुक्याला दगडी स्तंभ उभे राहिले आणि त्यांवर स्वातंत्र्यसैनिकांची नावे कोरली गेली. हे फार चांगले काम झाले. पण अशी यादी कागदावरून होते. ज्याला शिक्षा झाली त्याचा कागद असतो. ज्याचे बैल गेले त्याचा कागद सहसा मागे राहत नाही. बापूजींचे नाव इतिहासात आहे, ते योग्यच आहे. १९६८ च्या २६ जानेवारीला ते वारले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण मिळाले. टिळकांच्या जीवनावर त्यांनी रचलेल्या संस्कृत महाकाव्याला पुढे १९७३ साली साहित्य अकादमीचे पारितोषिकही मिळाले. पण त्यांच्यामागे चालत गेलेला, दोन साल दुसऱ्याच्या वावरात राबलेला शेतकरी कुठे नोंदला गेला? बापूजींना पुढे काही ना काही मान मिळाला. त्याला तर आपण मान मिळेल अशी आशाही नव्हती. तरी तो गेला. धैर्याच्या मापाने तो कुठे कमी भरतो?

म्हणून गुरुजनांना माझी एक विनंती आहे. विदर्भातल्या शाळा जूनअखेर सुरू होतात. १० जुलैला मुले नुकती वर्गात रुळलेली असतात. त्या दिवशी एक तास काढा. हार, फोटो, भाषण काही नको. मुलांना एक वही करायला सांगा. घरातल्या आणि शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना, विशेषतः आजीबाईंना, विचारायचे, की आपल्या गावातून कोण सत्याग्रहात गेले होते? कोण फौजेत गेले होते? कोण परत आले नाही? त्यांच्या मागे घर कोणी सांभाळले? शेवटचा प्रश्न विसरू नका. नवरा तुरुंगात किंवा सीमेवर असताना ज्या बाईने पेरणी केली, लेकरे जगवली, तिचेही नाव वहीत आले पाहिजे.

लिहिताना दोन पथ्ये पाळा. पहिले, फुगवू नका. आजोबा नुसते गवत कापून आले असतील तर त्यांना शंभर शिपायांशी लढवू नका. खोट्या पराक्रमाने खऱ्या पराक्रमाची किंमत कमी होते. दुसरे, जे ज्याच्याकडून कळले ते त्याच्या नावावर लिहा. मी स्वतः त्या आजोबांची हकिगत वहीत उतरवली आहे. तिला अजून कागदाचा आधार मला मिळालेला नाही. म्हणून ‘मुलाने सांगितले’ असे लिहून पुढे तारीख घातली आहे. उद्या एखाद्या जुन्या दप्तरात पुरावा सापडला तर शेजारी नोंद करीन. ही काही मोठी विद्या नव्हे. चौथीतल्या पोरालाही जमते. आणि दरवर्षी ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनी, तुमच्या शाळेत छोटे झेंडे वाटून निधी गोळा होतो ना, त्या दिवशी ती वही काढून दोन पाने मोठ्याने वाचा. १९४९ पासून हा दिवस पाळला जातो. पण झेंडा छातीला लावणाऱ्या मुलाला आपल्या गावचा शिपाई ठाऊक नसेल, तर तो नुसता कागदच लावतो.

ज्यांच्या घरी कोणी सैन्यात आहे, त्यांच्याशी अधूनमधून बोलत चला. जिल्ह्यातली कितीतरी पोरे आज बर्फात आणि वाळवंटात उभी आहेत. त्यांच्या घरी दिवाळीला कोणी डोकावते का, विहिरीची मोटार बिघडली तर कोणी धावून जाते का, हेही आठवण ठेवण्याचेच काम आहे.

त्या आजोबांनी वडिलांचे नाव मला सांगितले. ते मी येथे मुद्दाम छापत नाही. ते आधी त्यांच्या गावच्या शाळेच्या फळ्यावर लिहिले जावे, त्यांच्या पणतवंडांनी ते मोठ्याने वाचावे, आणि मग पुस्तकात यावे, अशी माझी इच्छा आहे. हेडमास्तरांनी ते मान्य केले आहे. येत्या दहा जुलैला मी त्या गावी जाणार आहे. या वेळी मी भाषण करणार नाही. आजोबांना बोलायला सांगणार आहे.